सहाच्या पुढचा चढ

डूख धरू नये, असं शाळेत शिकवलं होतं. बाकीचं सगळं मी शिकले, तेवढं राहिलं. आता केस पिकले, गुडघे कुरकुरतात, डॉक्टर म्हणतात रक्तदाब सांभाळा, राग सोडा. मी मान हलवते, घरी येते आणि त्या माणसाची आठवण काढते. मला बरं वाटतं. हे आधीच सांगते आहे, कारण पुढे क्षमेबिमेची वाट पाहत कुणी बसू नये.

तो माणूस मिलचा लेबर ऑफिसर होता. समोर असला की मी त्याला ‘सर’ म्हणत असे. इथे ‘तो’च म्हणणार आहे. मिल परदेशीपुऱ्यातली. आमच्या गल्लीचं एक तोंड तिच्या भिंतीवरच जाऊन आपटायचं. बाबा तिथे कताईत होते. आजोबा महूला फौजेत होते, त्यामुळे हजेरी हा शब्द आमच्या घरात देवघरातल्या वस्तूसारखा जपलेला. आजोबा कवायतीच्या मैदानावर ‘हाजिर’ म्हणायचे, बाबा मिलमध्ये. तिथे नावानं कुणी पुकारत नसे, तिकीट नंबरानं पुकारत. बाबांचा नंबर आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. धाकटा भाऊ खेळताना मध्येच तो नंबर ओरडायचा आणि बाबा जेवता जेवता घास हातात धरून ‘हाजिर’ म्हणायचे. आई चिडायची, म्हणायची, घर आहे की मिलचा खाता आहे.

मग ते दिवस आले. पेपरात रोज यायचं की देश आता उघडतोय. चौकाचौकात एसटीडीच्या काचेच्या टपऱ्या निघाल्या, घरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या, कोल्ड्रिंकच्या नव्या बाटल्या आल्या. आमच्याकडे मात्र एकेक मिल बंद पडत होती. बाबांची मिल एका दिवसात बंद झाली नाही. आधी त्यांचा कताईचा विभाग बंद झाला, आणि तोही न सांगता. एका सकाळी बाबा डबा घेऊन गेले तर गेट आतून लावलेलं. चौकीदार म्हणाला, आज नाही, उद्या या. उद्या गेले, तर परवा या. कुठे नोटीस नाही, कुठे कागद नाही. बाबा आणि त्यांचे सोबती रोज वेळेवर गेटबाहेर जाऊन उभे राहत, पाळी संपली की परत येत. डबा तिथेच उन्हात बसून खात. असे कित्येक महिने गेले.

आत, ऑफिसात, त्या सगळ्यांच्या नावापुढे ‘गैरहाजिर’ लिहिलं जात होतं. हे बाहेर फुटलं त्या दिवशी मी तिथे होते. बाबा डबा विसरले होते, तो द्यायला आईनं मला पाठवलं होतं. मी दोन वेण्या घातलेली, शाळेच्या गणवेशात. तो गेटाच्या छोट्या दारातून बाहेर आला. बाबांनी त्याला अदबीनं विचारलं की आम्ही रोज इथे उभे असतो, तर गैरहाजिर कसे? त्यानं बाबांकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातल्या किल्ल्या खुळखुळवत म्हणाला, “काय आहे की, हाजिर म्हणजे मशीनसमोर हाजिर. गेटबाहेर काय, कुत्री पण उभी असतात.”

बाबांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि मला घरी जा म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून तिथेच आहे.

पुढे मिल रीतसर बंद झाली तेव्हा कारण सांगितलं गेलं की कामगारच कामावर येईनासे झाले होते. बाबांनी स्वतःहून काम सोडलं, असं झालं. बाबांना रोजगार जाण्याचं दुःख होतंच, पण हे जास्त लागलं. बडा गणपतीकडे राहणारे आमचे एक नातेवाईक होते, नोकरीत टिकून राहिलेले. ते लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले की भिया, तुम्ही लोक कामावर जात नव्हतात, म्हणून मिल बुडाली. बाबा पानावरून उठले. त्यानंतर ते कुठल्या लग्नाला गेले नाहीत. बेटम्याला सोयाबीनच्या एका गोदामावर त्यांना चौकीदारी मिळाली. तिथेच राहायचे, आठवड्यातून एकदा घरी यायचे. आल्यावर भाऊ गमतीनं नंबर पुकारायचा. बाबा उत्तर देत नसत. मग त्यानंही पुकारणं सोडलं.

मी गणितात एम.एस्सी. केलं. आमच्या विभागात गणित छापण्याजोगं उमटवणारी एक भाषा कम्प्यूटरवर होती. आपण पडद्यावर साधे शब्द आणि खुणा लिहायच्या, आणि यंत्र त्यातून पुस्तकासारखं पान तयार करून द्यायचं. प्रत्येक हुकुमाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ. त्या भाषेत चित्रंही काढता यायची, पण हातानं नाही, सांगून. ‘पुट’ म्हटलं की अमुक घरात वस्तू ठेव. ‘लाइन’ म्हटलं की इथून रेषा ओढ, इतकी घरं उजवीकडे जाताना इतकी घरं वर. आईच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच हे मला वाटायचं. आधी मनात घरं आखायची आणि मग जोडायची. मला ते पटकन आलं. बाकीच्यांचा रेषेच्या लांबीत घोटाळा व्हायचा. तिरक्या रेषेला सांगायची ती तिची खरी लांबी नसते, ती आडवी किती सरकते तेवढंच सांगायचं असतं. मुलं पूर्ण लांबी सांगत आणि रेषा पानाबाहेर निघून जाई.

त्या भाषेची एक खोड होती. तिच्याकडे रेषांचे ठरावीक चढच होते. एक घर पुढे आणि सहा घरं वर, हा तिचा सगळ्यांत खडा चढ. त्यापुढे ‘लाइन’ जात नसे. त्याहून खडी रेषा हवी असेल, तर मग एकदम सरळ उभी. मधलं काही नाही.

नोकरी लागेपर्यंत मी विद्यापीठाच्या रस्त्यावर एका कम्प्यूटर टायपिंगच्या दुकानात काम करत होते. तिथे प्रबंध टाइप व्हायचे. तेव्हा कम्प्यूटरला धूळ चालत नाही असं सगळे मानत, म्हणून गिऱ्हाइकांनी चपला-बूट दाराबाहेर काढायचे असा मालकाचा नियम. गणित आणि चार्ट असलेलं काम आलं की मालक माझ्याकडे बोट दाखवायचा, म्हणायचा, ये दीदी करेगी.

असाच एका दुपारी तो आला. बूट काढून मोज्यांवर माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काय आहे की, मला चार्ट एकदम फर्स्ट क्लास पाहिजे.” चेहरा थोडा सुजला होता, चष्मा आला होता, पण ते ‘काय आहे की’ मी झोपेतही ओळखलं असतं. त्यानं मला ओळखलं नाही. त्यानं तेव्हाही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मिल बुडवून तो वर आला होता. पीथमपूरच्या नव्या कारखान्यांमध्ये जाऊन कामगार कसे वळणावर ठेवावेत यावर व्याख्यानं द्यायचा. आता नावापुढे डॉक्टर लावायचं होतं, म्हणून मॅनेजमेंटमध्ये प्रबंध लिहिला होता. विषय, कामगारांची बेशिस्त आणि कापड मिलांचा ऱ्हास. उदाहरण म्हणून आमचीच मिल, आमचाच कताई विभाग. मी पानं टाइप करत गेले आणि दात आवळत गेले. त्यात लिहिलं होतं की कामगारांची कामावरची ओढच संपली, गैरहजेरी बघता बघता आभाळाला भिडली आणि मालकांचा नाइलाज झाला. पंगतीत एका नातेवाइकानं म्हटलं होतं ते हवेत विरून तरी गेलं असतं. हे कायमचं छापून, शिवून, पुठ्ठा घालून लायब्ररीत ठेवलं जाणार होतं, आणि छापणारी मी होते.

काम सोडून द्यावं असं एकदा मनात आलं. पण मग दुसऱ्या कुणी ते केलं असतं आणि मला हात चोळत बसावं लागलं असतं. मी काम ठेवलं.

शेवटी चार्ट आला. महिन्यांचा आडवा अक्ष, गैरहजेरीचा उभा अक्ष. सुरुवातीचे महिने साधे, जमिनीलगत चालणारे. मग एका महिन्यातून दुसऱ्यात जाताना एकदम उडी, आणि पुढे शेवटपर्यंत वरच. त्याला चार्ट पानभर उंच हवा होता. म्हणे, परीक्षेच्या खोलीच्या दारातून दिसली पाहिजे ती उडी. मी घरं मोजली. त्या उंचीला चढ सहाच्या पुढे जात होता. मी त्याला नियमानुसार सांगितलं की एक तर उंची कमी करा, नाहीतर महिने लांब लांब मांडू, म्हणजे चढ सहात बसेल. त्याला दोन्ही नको होतं. उडी लहान दिसेल म्हणाला.

“मग यापेक्षा खडी रेषा म्हणजे सरळ उभीच येईल, सर.”

“तर खडी करून टाका ना. कोण बघतं एवढं?”

तिसरी एक वाट होती. रेषेऐवजी जवळजवळ ठिपके मांडत गेलं की हवा तितका चढ काढता येत होता. मला ते येत होतं. मी सांगितलं नाही. मुद्दाम सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. उभ्या रेषेला वेळ लागत नसतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. वर जाताना ती आडवी जराही सरकत नाही. कुणीतरी त्याला याबद्दल विचारावं आणि त्याची फजिती व्हावी, एवढीच तेव्हा माझी इच्छा होती. मी ‘लाइन’ लिहिलं, शून्य घरं पुढे, एक घर वर.

पडद्यावर पान उमटलं आणि मी बघतच राहिले. मी चुकीची म्हणून काढलेली ती रेषाच तेवढी त्या प्रबंधात खरी होती. हळूहळू काही वाढलं नव्हतंच. कताईचे सगळेच्या सगळे कामगार एका सकाळी, एकदम गैरहाजिर झाले होते. त्याच सकाळी बाबा घरातून नेहमीच्या वेळी निघाले होते आणि त्यांच्या पिशवीत मेथीची भाजी होती, कारण आईनं मलाही तीच शाळेत दिली होती. मी छापण्याची कळ दाबली. त्यानं पान हातात घेतलं आणि म्हणाला, वा.

तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याला चार्ट भिंतीवर दाखवायचे होते. पारदर्शक कागदांवर छापून ते मीच नेले, कारण दुसऱ्या कुणाला त्यांचा क्रम कळला नसता. मागच्या खुर्चीवर बसले. बाहेरगावाहून परीक्षक म्हणून एक वयस्क बाई आल्या होत्या, अंगावर साधी सुती साडी, पर्समधून सारखी लवंग काढून तोंडात टाकत होत्या. चार्ट भिंतीवर पडला. दारातूनसुद्धा दिसत होता, हे कबूल करायला पाहिजे. तो आभाळाला भिडण्याचं वाक्य बोलून मोकळा झाला, आणि बाईंनी शांतपणे विचारलं की ही रेषा उभी का आहे.

तो म्हणाला, वाढ फार तीव्र होती.

बाई म्हणाल्या, तीव्र असती तर तिरकी असती. ही उभी आहे. तुम्ही म्हणताय की अजिबात वेळ न जाता सगळा विभाग घरी बसला. त्या दिवशी नेमकं काय झालं?

त्यानं घसा साफ केला. मग माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला की हा तांत्रिक प्रश्न आहे, या मॅडमच्या कम्प्यूटरमध्ये सहाच्या पुढे चढ येत नाही. गंमत अशी की त्या दिवसभरात तो पहिल्यांदाच खरं बोलत होता. बाईंनी मला विचारलं, हे बरोबर आहे का? मी नुसतं हो म्हटलं असतं तर तो सुटला असता. सगळ्यांनी यंत्राला नावं ठेवून चहा घेतला असता.

मी उभी राहिले. बाई हिंदीत बोलल्या होत्या, मीही हिंदीतच बोलले.

“मैडम, बिंदी-बिंदी करके तिरछी भी बन जाती है. सर ने कहा, खड़ी कर दो. लेकिन लाइन सही है. एक ही दिन में हुआ था. गेट अंदर से बंद कर दिया था.”

आपको कैसे पता, बाईंनी विचारलं.

“मेरे पिताजी बाहर खड़े थे. डिब्बा लेकर. रोज़.”

बाईंनी त्याच्याकडे पाहून गेट बंद होतं का, एवढंच विचारलं. तो तात्पुरतं, व्यवस्थापनाचा निर्णय, असं काहीबाही पुटपुटला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि लवंग चावत पुढचं पान उलटलं. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

त्याची पदवी गेली असं सांगायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. असल्या माणसांचं सहसा काही जात नाही. प्रबंध दुरुस्तीला परत आला. ते प्रकरण बदलायचं होतं, आणि चार्ट तसाच ठेवून त्याच्याखाली, उभ्या रेषेच्या जागी काय घडलं, ते स्पष्ट लिहायचं होतं. त्यानं म्हणे दुसरीकडे चौकशी केली, पण त्या भाषेत लिहिलेल्या चार्टला हात लावायला कुणी तयार होईना. तो दुकानात निरोप ठेवून गेला की शनिवारी येतो. बाबा शनिवारी घरी येत. मी त्यांना म्हटलं, बेटम्याच्या बसमधून उतरून सरळ दुकानात या, आपण सोबत घरी जाऊ. आणखी काही सांगितलं नाही.

बाबा आधी आले. चपला दाराबाहेर काढून, रिकामा डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले. मग तो आला. त्यानं बूट बाबांच्या चपलांशेजारी काढले, बाबांसमोरून गेला आणि माझ्यापुढच्या स्टुलावर बसला. त्यानं ओळखलं नाही. बाबांनी ओळखलं, मी त्यांच्या हाताकडे पाहत होते, पकड डब्याच्या कडीवर घट्ट झाली. तो मला म्हणाला की काय आहे की, झालं गेलं सोडा, दोन ओळी टाकून द्या चार्टखाली, तुम्हाला माहीतच आहे सगळं.

“मी माझ्या मनानं नाही लिहू शकत, सर. प्रबंध तुमचा आहे. तुम्ही बोला, मी टाइप करते.”

त्यानं मालकाकडे पाहिलं. मालक बिलं लावत होता. मग तो खाली पाहून बोलायला लागला.

“जरा मोठ्यानं, सर. रस्त्याचा आवाज आहे.”

इंग्रजीत सांगायचं होतं, पण इंग्रजीआधी वाक्य जुळवायला तो मराठीत बोलला, मोठ्यानं. “कताई विभाग मालकांनी बंद केला होता. कामगार रोज गेटवर हजर होते.” मी दोन बोटांनी, अगदी सावकाश टाइप केलं, जरी मला दहा बोटांनी येत होतं. एकदा वाचून दाखवलं आणि शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा बोलायला लावलं. तो पुन्हा बोलला. हजर होते.

मग मी मान वळवली आणि बाबांचा तिकीट नंबर पुकारला. मिलमध्ये हजेरी घेणारा जॉबर पुकारायचा त्याच ठेक्यात, भाऊ जेवणाच्या वेळी ओरडायचा तसा.

बाबा बाकावरून उठले. डबा डाव्या हातात घेतला, पाय जुळवले.

“हाजिर.”

तो स्टुलावर बसल्या बसल्या वळला. यावेळी त्यानं बाबांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. त्याच्या कपाळावरून घाम चष्म्यात उतरत होता. मे महिना होता, वीज गेल्यामुळे पंखा बंद आणि बॅटरीवर नुसता कम्प्यूटर चालू. माठ माझ्या खुर्चीच्या मागेच होता. मी उठले, एक पेला भरून बाबांना दिला, आणि त्याला विचारलं नाही.